अधांतरी धावणारी आगगाडी : लाभ, मर्यादा आणि नाशिकरोडचा घाटमार्ग

मुंबईहून नाशिकरोडकडे निघालेली बहुतेक गाडी कसारा स्थानकात काही काळ थांबते. गाडीच्या मागच्या बाजूस जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या बोलीत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. गाडीला हलकासा धक्का बसतो, शिट्टीला शिट्टीचे उत्तर मिळते आणि पुढून ओढली जाणारी, मागून ढकलली जाणारी ती गाडी थळ घाट चढू लागते. हा घाटमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीस खुला झाला. सुमारे १५ किलोमीटर अंतरात तो सुमारे ३०० मीटर उंची गाठतो. त्याचा कमाल चढ ३७ मीटरला १ मीटर इतका आहे आणि देशातील रुंदमापी रेल्वेच्या सर्वांत खड्या चढांत त्याची गणना होते. वाफेची इंजिने गेली, विजेची आली, पुढे विजेच्या प्रवाहाचा प्रकारही बदलला. परंतु घाटाचा चढ आणि बँकर इंजिनांची गरज मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली.

विजेच्या इंजिनांमध्ये शक्तीची वाण नाही. मग दुसऱ्या इंजिनांचे साहाय्य का लागते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर चाक आणि रूळ यांच्या परस्परसंबंधात सापडते. जगात काही ठिकाणी चाकांना रजा देऊन चुंबकाच्या बळावर गाडी अधांतरी चालविण्याचे जे प्रयोग झाले, त्यांचे मूळही त्याच संबंधात आहे. ‘मॅग्लेव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यांविषयी आपल्याकडे कुतूहल मोठे आहे. तथापि कुतूहलाच्या जोडीला त्यांच्या लाभ-हानीचा हिशेबही समजून घेणे आवश्यक आहे.

चाकाचे बळ आणि त्याची सीमा

पोलादी रुळावर पोलादी चाक फारच कमी विरोधाने फिरते. आगगाडीच्या स्वस्त वाहतुकीचे रहस्य हेच होय. एकच इंजिन हजारो टनांची मालगाडी सपाट मुलखात ओढून नेते, ते यामुळेच. पण जो गुण सपाटीवर उपकारक तोच चढावर अडचणीचा ठरतो. चाक पुढे सरकण्यासाठी त्याने रुळाला काही प्रमाणात धरून ठेवावे लागते. ही पकड अपुरी पडली की मोटर कितीही ताकदीची असली तरी चाक जागच्या जागी फिरू लागते. पावसाळ्यात रूळ ओले झाले की हा धोका वाढतो. म्हणून चढावर अधिक चाकांना जोर लावावा लागतो, अर्थात अधिक इंजिने जोडावी लागतात.

यावर चाकांच्या मर्यादेतच एक तोड निघाली आहे. सर्व जोर एका इंजिनावर न टाकता तो अनेक डब्यांच्या चाकांवर वाटून द्यावयाचा. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई–साईनगर शिर्डी वंदे भारत गाडी याच तत्त्वावर बँकर इंजिनाविना घाट चढते.

वेगाच्या बाबतीतही चाकाला सीमा आहे, मात्र ती समजली जाते तितकी जवळ नाही. ३ एप्रिल २००७ रोजी फ्रान्समध्ये रुळांवरील गाडीने चाचणीत ताशी ५७४.८ किलोमीटर वेग गाठला. परंतु चाचणीत एकदा गाठलेला वेग निराळा आणि रोज प्रवासी घेऊन राखावयाचा वेग निराळा. वेग वाढतो तसे चाक, रूळ आणि वरची विजेची तार या तिन्हींची झीज वाढते आणि देखभालीचा खर्च त्या मानाने चढत जातो. त्यामुळे प्रत्यक्ष सेवेतील अतिवेगवान रेल्वे साधारणपणे ताशी ३०० ते ३५० किलोमीटरच्या आसपास थांबली आहे. मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गावरही चाकांचीच, ताशी ३२० किलोमीटर वेगाची गाडी योजली आहे. ती चुंबकीय गाडी नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. या दोहोंची गल्लत बऱ्याचदा केली जाते.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

चुंबकाने वस्तू अधांतरी कशी राहते, हे शाळेत सहज दाखविता येते. मधोमध भोक असलेली दोन गोल चुंबके घ्यावीत. उभ्या धरलेल्या पेन्सिलीत ती एकावर एक अशी ओवावीत की त्यांचे सजातीय ध्रुव समोरासमोर येतील. वरचे चुंबक खालच्याला न टेकता हवेत तरंगत राहते. आता पेन्सिल अलगद काढून घ्यावी. वरचे चुंबक क्षणभरही तग धरत नाही. ते एका अंगाला घसरते, उलटे होते आणि खालच्या चुंबकाला चिकटते.

या साध्या खेळात सगळी अडचण सामावलेली आहे. नुसत्या स्थिर चुंबकांच्या बळावर कोणतीही वस्तू स्थिरपणे अधांतरी ठेवता येत नाही, असे सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२ मध्ये सिद्ध केले. चुंबकीय गाडीलाही त्या पेन्सिलीसारखे काहीतरी हवे असते. ती पेन्सिल कशी पुरवावयाची, याची दोन उत्तरे अभियंत्यांनी शोधली. गाड्यांचे दोन मुख्य प्रकार त्यांतूनच निर्माण झाले.

उचलण्याच्या दोन रीती

पहिली रीत आकर्षणाची. हर्मन केम्पर या जर्मन अभियंत्याला १९३४ मध्ये या कल्पनेचे पेटंट मिळाले. या गाडीचे दोन्ही बाजूंचे हात काँक्रीटच्या मार्गाला कवेत घेऊन त्याच्या खालपर्यंत वळलेले असतात. त्या हातांत विद्युतचुंबके बसविलेली असतात. ती मार्गाच्या खालच्या लोखंडी पट्ट्याकडे वर ओढली जातात आणि त्याबरोबर गाडी उचलली जाते. अडचण अशी की चुंबक पट्ट्याच्या जवळ जाईल तसे आकर्षण वाढते आणि ते पूर्ण चिकटू पाहते. दूर गेले तर आकर्षण घटते आणि गाडी खाली बसते. म्हणून मधले अंतर सतत मोजणारी यंत्रणा ठेवतात. अंतर कमी झाले की वीजप्रवाह कमी होतो, वाढले की प्रवाह वाढतो. हे काम एका सेकंदात असंख्य वेळा चालते आणि सुमारे एक सेंटिमीटरचे अंतर राखले जाते. या रीतीत पेन्सिलीचे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रण करते.

दुसरी रीत प्रतिसारणाची, म्हणजे दूर लोटण्याची. जेम्स पॉवेल आणि गॉर्डन डॅन्बी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात ती मांडली आणि जपानने ती पूर्णत्वास नेली. या गाडीत अतिसंवाहक चुंबके असतात. नायोबियम व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची वेटोळी द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली की त्यांतील विद्युतरोध नाहीसा होतो आणि एकदा सुरू केलेला प्रवाह फिरतच राहतो. असे प्रबळ चुंबक घेऊन गाडी वेगाने धावू लागली की मार्गाच्या दोन्ही भिंतींमधील वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. ही वीजच गाडीला वर उचलते आणि मध्यभागी राखते. येथे पेन्सिलीचे काम गती करते. साहजिकच थांबलेली गाडी तरंगू शकत नाही. ताशी सुमारे १५० किलोमीटरपर्यंत ती रबरी चाकांवर चालते आणि नंतर विमानाप्रमाणे चाके पोटात घेते. मार्गापासून तिचे अंतर सुमारे १० सेंटिमीटर असते. जमिनीला वरचेवर भूकंपाचे हादरे बसणाऱ्या जपानला हे मोठे अंतर मोलाचे वाटले.

वीज अकस्मात गेली तर काय, ही शंका आपल्याकडील वाचकाला प्रथम येईल. आकर्षणाच्या रीतीत गाडीतील बॅटऱ्या ती थांबेपर्यंत उचलून धरतात. प्रतिसारणाच्या रीतीत वेग आहे तोवर गाडी तरंगते आणि वेग उतरताच चाकांवर येते. तेव्हा वीज जाताच गाडी आदळेल, ही भीती निराधार आहे.

उलगडलेली मोटर

उचललेली गाडी पुढे कशी जाते, हे समजण्यास नाशिकरोडचा वाचक अधिक जवळ आहे. रेल्वेच्या विद्युत इंजिनांतील ट्रॅक्शन मोटारींची दुरुस्ती करणारा कारखाना नाशिकरोडलाच आहे आणि रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी भारतीय रेल्वे विद्युत अभियांत्रिकी संस्थाही येथेच आहे. अशा मोटारीत बाहेरचा भाग स्थिर असतो. त्याच्या वेटोळ्यांत फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते आतील भागाला आपल्याबरोबर फिरविते.

आता हा बाहेरचा गोल भाग एका जागी कापून चटईप्रमाणे सपाट उलगडला, अशी कल्पना करावी. मग चुंबकीय क्षेत्र गोल न फिरता सरळ रेषेत पुढे पुढे सरकू लागेल. हीच रेषीय मोटर होय. अतिवेगवान चुंबकीय गाडीत ही उलगडलेली वेटोळी संपूर्ण मार्गभर पसरलेली असतात आणि गाडीतील चुंबके त्या सरकत्या क्षेत्राबरोबर ओढली जातात. विजेची वारंवारता वाढविली की वेग वाढतो. क्षेत्राची दिशा उलटी केली की गाडी मंदावते. म्हणजे मोटर गाडीत नसून जमिनीवर असते. ज्या टप्प्यात गाडी आहे, तेवढ्याच टप्प्याला उपकेंद्रातून वीज दिली जाते.

या एका गोष्टीतून लाभ आणि हानी दोन्ही उद्भवतात. गाडी हलकी होते, चाकांच्या पकडीचा प्रश्नच उरत नाही आणि चढाच्या टप्प्यात अधिक ताकदीची वेटोळी व उपकेंद्रे बसविता येतात. उलटपक्षी, गाड्या दहा असोत वा शंभर, मोटर मात्र साऱ्या मार्गभर अंथरावी लागते.

जगाचा अनुभव

प्रवाशांसाठी पहिली चुंबकीय सेवा १९८४ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विमानतळावर सुरू झाली. अंतर सुमारे ६०० मीटर आणि वेग मंद. पुढे सुटे भाग मिळणे कठीण होऊन ती १९९५ मध्ये बंद पडली.

चीनमधील शांघाय येथे जर्मन तंत्राची ३० किलोमीटरची सेवा उभी राहिली. तिचे उद्घाटन ३१ डिसेंबर २००२ रोजी झाले. ताशी ४३१ किलोमीटर वेगाने ती विमानतळाचे अंतर सुमारे साडेसात मिनिटांत कापीत असे. त्यातही कमाल वेग जेमतेम मिनिटभर टिके. २०२१ पासून तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरवर आणण्यात आला आहे. ज्या जर्मनीत हे तंत्र जन्मले, तेथे मात्र व्यापारी अतिवेगवान मार्ग झालाच नाही. २२ सप्टेंबर २००६ रोजी लाथेन येथील चाचणी मार्गावर गाडी देखभालीच्या वाहनावर आदळून २३ जण मृत्युमुखी पडले. म्युनिक विमानतळाची योजना अंदाजित खर्च फार वाढल्याने २००८ मध्ये रद्द झाली.

मंदगती चुंबकीय गाड्यांना तुलनेने बरे यश आले. जपानमधील नागोयाजवळची ८.९ किलोमीटरची सेवा २००५ मध्ये सुरू झाली. चीनमध्ये चांगशा येथे २०१६ मध्ये आणि बीजिंगमध्ये २०१७ मध्ये अशा सेवा सुरू झाल्या. या गाड्यांचा वेग सामान्य मेट्रोच्या आसपास असतो. कमी आवाज आणि कमी झीज हे त्यांचे आकर्षण आहे.

सर्वांत मोठा प्रयत्न जपानचा आहे. यामानाशी येथील ४२.८ किलोमीटरच्या मार्गावर २१ एप्रिल २०१५ रोजी गाडीने ताशी ६०३ किलोमीटरचा विक्रम केला. टोकियो ते नागोया हे २८६ किलोमीटर अंतर ४० मिनिटांत तोडण्याची योजना आहे. मार्गाचा सुमारे ८६ टक्के भाग बोगद्यांत आहे. २०२७ मध्ये तो सुरू करण्याचे उद्दिष्ट होते. ते मार्च २०२४ मध्ये सोडून देण्यात आले. बोगद्यामुळे ओई नदीचे पाणी घटेल, हा शिझुओका प्रांताचा आक्षेप हे विलंबाचे एक प्रमुख कारण ठरले. २०२४ मध्येच गिफू प्रांतातील मिझुनामी येथे बोगद्याच्या कामानंतर परिसरातील विहिरींची पातळी खालावली आणि काम थांबवावे लागले. खर्चाचा अंदाज आरंभी साडेपाच लाख कोटी येन होता. २०२१ मध्ये तो सात लाख कोटींवर आणि २०२५ मध्ये अकरा लाख कोटी येनवर गेला.

लाभाची बाजू

चुंबकीय गाडीचे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. चाक व रूळ यांचा स्पर्शच नसल्याने त्यांची झीज नाही. चाकांचा खडखडाट नसल्याने मध्यम वेगात ती शांत धावते. आकर्षणाच्या रीतीत गाडीने मार्गाला कवेत घेतलेले असते, तर जपानी रीतीत मार्गाच्या दोन भिंती गाडीला सांभाळतात. म्हणून घसरण्याचा धोका जवळजवळ उरत नाही. लाथेनचा अपघात घसरल्यामुळे नव्हे, तर मार्गावर दुसरे वाहन असताना गाडी सोडल्यामुळे घडला. यंत्र निर्दोष असले तरी माणसाची चूक संभवते, हा त्यातला बोध होय.

चढाच्या बाबतीत तर ती चाकांच्या गाडीला मागे टाकते. जर्मन तंत्रात १० मीटरला १ मीटर इतका चढ शक्य मानला गेला. थळ घाटाच्या चढापेक्षा तो जवळजवळ चौपट आहे. बँकर जोडण्या-सोडविण्याचा वेळ येथे लागणारच नाही.

मात्र चढ सोपा होतो म्हणजे तो फुकट होतो, असे नव्हे. एक टन वजन ३०० मीटर उंच नेण्यास किमान ०.८ युनिट वीज लागते. गाडी चाकांची असो वा चुंबकाची, पृथ्वी आपले देणे वसूल केल्यावाचून राहत नाही.

उणिवांची बाजू

पहिली उणीव खर्चाची. मार्गभर वेटोळी, उपकेंद्रे, काटेकोर मापाचा काँक्रीट मार्ग आणि नियंत्रण यंत्रणा यांमुळे आरंभीचा खर्च फार मोठा होतो. तो पेलण्यास प्रवाशांची संख्याही तशीच मोठी लागते.

दुसरी उणीव विजेची. चाकांचे घर्षण गेले तरी हवेचा विरोध राहतोच आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३०० वरून ५०० किलोमीटरवर गेल्यास हवेचा विरोध सुमारे पावणेतीन पट होतो आणि तो मोडून काढण्यास लागणारी शक्ती साडेचार पटींहून अधिक होते. घर्षण नाही म्हणून वीज वाचते, हा समज अतिवेगाच्या बाबतीत टिकत नाही.

तिसरी उणीव वळणांची. जपानच्या नव्या मार्गावर वळणाची त्रिज्या किमान ८ किलोमीटर ठेवावी लागली. म्हणजे डोंगराच्या कलाने वळत जाणाऱ्या आजच्या घाटमार्गाचा काहीच उपयोग नाही. डोंगर चढून जाण्याऐवजी तो फोडून जावे लागते.

चौथी उणीव सर्वांत महत्त्वाची. ही गाडी इतर रेल्वेशी जुळत नाही. चुंबकीय गाडी रुळांवर येऊ शकत नाही आणि रुळांवरील गाडी तिच्या मार्गावर जाऊ शकत नाही. सुटे भागही मोजक्या उत्पादकांकडूनच घ्यावे लागतात. बर्मिंगहॅमचा अनुभव वर आलाच आहे. तो चुंबकीय गाडीपुरता मर्यादित नाही, हे मुंबईच्या मोनोरेलने दाखविले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला सुट्या भागांची चणचण भासली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आधुनिकीकरणासाठी ती थांबविण्यात आली. एकाकी तंत्र स्वीकारताना त्याची दुरुस्ती वीस वर्षांनी कोण करील, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

महाराष्ट्रात आणि देशात

चुंबकीय गाडी भारतात अद्याप प्रवासी सेवेत आलेली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक उपक्रमाने स्विसरॅपिड या कंपनीशी या तंत्राबाबत सामंजस्य करार केला. तत्पूर्वी महाराष्ट्रात मुंबई–पुणे ‘हायपरलूप’ची योजना पुढे आली होती. जवळजवळ निर्वात नळीतून चुंबकीय गाडी नेऊन हवेचा विरोधच टाळावा, ही त्यामागील कल्पना. २०१९ मध्ये राज्य शासनाने तिला सार्वजनिक पायाभूत सुविधा प्रकल्पाचा दर्जा दिला. परंतु ती मांडणाऱ्या परदेशी कंपनीनेच २०२३ च्या अखेरीस आपले काम बंद केले.

पुणे–नाशिक या सुमारे २३५ किलोमीटरच्या नियोजित जलद रेल्वेचा अनुभवही उद्बोधक आहे. ती चाकांचीच गाडी. तथापि तिचा आधी आखलेला मार्ग नारायणगाव परिसरातून जात होता. तेथे खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणारे अत्यंत क्षीण रेडिओतरंग ती टिपते आणि विजेच्या गाडीमुळे तिच्या निरीक्षणांत व्यत्यय येण्याची शक्यता असल्याने तो मार्ग बाजूला ठेवावा लागला. विजेवर चालणारे कोणतेही अतिवेगवान वाहन आखताना आजूबाजूस काय आहे, याचा विचार किती आधी व्हावा लागतो, ते यावरून दिसते.

नाशिकरोडचा हिशेब

मुंबई ते नाशिकरोड हे रेल्वेचे अंतर सुमारे १८८ किलोमीटर आहे. १९७५ पासून या मार्गावर नोकरदारांची सोय करणारी पंचवटी एक्सप्रेस ते सुमारे साडेतीन तासांत कापते. सरासरी ताशी ३०० किलोमीटरने धावणारी चुंबकीय गाडी तेवढेच अंतर सुमारे ३८ मिनिटांत कापील. कागदावर ही बचत डोळे दिपविणारी आहे.

परंतु सरासरी राखणे थांब्यांवर अवलंबून असते. प्रवाशांना त्रास न होईल अशा बेताने, दर सेकंदाला एक मीटरने वेग वाढवीत गेल्यास ताशी ५०० किलोमीटर गाठण्यास साडेनऊ किलोमीटरहून अधिक अंतर लागते आणि थांबण्यासही तेवढेच. कल्याण, कसारा, इगतपुरी, देवळाली असे थांबे घेणारी गाडी आपला वेग कधीच वापरू शकणार नाही. थांबे वगळले तर त्या गावांना मार्ग मिळेल, गाडी मिळणार नाही.

दुसरी बाब शहर आणि स्थानक यांतील अंतराची. नाशिकरोड स्थानक नाशिक गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर. ही उणीव भरून काढण्यासाठी १८८९ मध्ये स्थानकापासून गावापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे सल्लागार अभियंता होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. मुख्य गाडी कितीही वेगवान असली तरी तिच्यातून उतरल्यावरच्या शेवटच्या टप्प्याची व्यवस्था लागतेच, हे त्या ट्रामने शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. अतिवेगवान मार्गांची स्थानके जमिनीच्या सोयीसाठी सहसा शहराबाहेर काढली जातात. अशा वेळी अडतीस मिनिटांच्या प्रवासाला दोन्ही टोकांना प्रत्येकी तासभर जोडला गेला, तर बचतीचा मोठा हिस्सा तेथेच संपतो.

तिसरी बाब या मार्गावरून कोण आणि काय जाते, ही. देशातील पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरला गेली. कांदा, द्राक्षे, डाळिंबे आणि भाजीपाला यांचा हा जिल्हा आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या वेळी देशाच्या कानाकोपऱ्यांतून विशेष गाड्या नाशिकरोडला येतात. चुंबकीय मार्ग यांतील एकही गाडी सामावून घेऊ शकत नाही. उलट रुळांची तिसरी वा चौथी जोडी टाकली किंवा घाटात कमी चढाचा नवा मार्ग काढला, तर त्याचा लाभ प्रवासी, मालगाड्या आणि यात्रेकरू या सर्वांना मिळतो. रस्त्याचीही सोय बदलली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट टाळून जाता येऊ लागले. नव्या गाडीची तुलना कालच्या घाटाशी न करता आजच्या या सोयींशी करावी लागेल.

पंचायतींनी विचारावयाचे प्रश्न

अशा प्रकल्पाची चर्चा राजधानीत होते, पण मार्ग गावांतून जातो. म्हणून कोणताही अतिवेगवान मार्ग, मग तो चाकांचा असो वा चुंबकाचा, आपल्या शिवारातून आखला जात असेल तर ग्रामपंचायतींनी काही प्रश्न आरंभीच विचारणे हितावह आहे. मार्ग खांबांवरून जाणार की भरावावरून? भरावावरून असल्यास शेतरस्ते, ओढे आणि गुरांच्या वाटा कोठे ओलांडावयाच्या? बोगदा असल्यास विहिरी, झरे आणि पाझर यांची पातळी काम सुरू होण्यापूर्वी मोजून नोंदविली जाणार काय, आणि पाणी घटल्यास उत्तरदायित्व कोणाचे? मिझुनामीचा अनुभव पाहता हा प्रश्न इगतपुरीसारख्या तालुक्यात दुय्यम म्हणता येणार नाही. भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात टंचाई सोसणारी गावे तेथे आहेत.

शहापूर तालुका आणि इगतपुरी तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमानुसार अशा क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे आवश्यक आहे. हा विचारविनिमय खरा व्हावयाचा तर सभासदांना प्रकल्प समजलेला असला पाहिजे. चुंबकीय गाडी म्हणजे जादू नव्हे आणि संकटही नव्हे. ती गुणदोष असलेली एक यंत्रव्यवस्था आहे, एवढे समजले तरी सभेतील चर्चा भीती वा भारावलेपण यांपलीकडे जाईल. येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. दोन गोल चुंबके आणि एक पेन्सिल एवढ्या साहित्यावर हे तत्त्व गावापुढे मांडता येते.

तात्पर्य

प्रचंड प्रवासी संख्या असलेल्या दोन महानगरांमध्ये, मध्ये थांबे न घेता, जुने मार्ग पूर्ण भरून गेल्यावर चुंबकीय गाडीचा विचार सार्थ ठरतो. जपानची योजना अशाच परिस्थितीतून निघाली, आणि तरीही ती खर्च, पाणी व विलंब यांत अडकली. जेथे एकाच मार्गाने चाकरमानी, कांद्याची पोती आणि कुंभाचे यात्रेकरू यांची सोय लावावयाची आहे, तेथे रुळांची क्षमता वाढविणे आणि घाटाचा चढ सौम्य करणे हेच आजच्या घडीस अधिक फलदायी दिसते.

याचा अर्थ नाशिकरोडने या तंत्राकडे पाठ फिरवावी असा मात्र नाही. जमिनीवर अंथरलेली असो वा इंजिनात बसविलेली, मोटर ही मोटरच होय. तिची विद्या येथील कारखान्यात आणि प्रशिक्षण संस्थेत नांदते आहे. उद्या देशात असा मार्ग उभारण्याची वेळ आलीच, तर तो दुरुस्त करणारी, सुटे भाग घडविणारी आणि त्याचा हिशेब तपासणारी माणसे आपल्यातीलच असावी लागतील. बर्मिंगहॅमच्या अधांतरी गाडीला जमिनीवर आणले ते सुट्या भागांच्या अभावाने. ती वेळ टाळावयाची तर गाडी आणण्यापूर्वी तिची विद्या आणली पाहिजे.